सँडर घेतला, पण धूळ कोणाच्या वाट्याला?

जोहरची अजान होते. कारखान्यातला कारागीर हातातले काम खाली ठेवतो आणि वुजूला बसतो. नाकात पाणी घेऊन शिंकरतो, तेव्हा नालीतून वाहणाऱ्या त्या पाण्याचा रंग त्याने कधी नीट पाहिला आहे काय? सागवानाचे काम चालू असेल तर ते तपकिरी येते, शिसवीचे असेल तर काळपट, भिंतीची लांबी घासली असेल तर पांढरट. नाकात जे अडकले ते पाण्याने निघाले, वुजूची ही बरकतच म्हटली पाहिजे. पण जे नाकातून पुढे छातीत उतरले ते कोणत्या पाण्याने निघणार?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण म्हणजे हातात धरून चालवायचा विजेचा सँडर. पूर्वी घासकाम म्हणजे काचपेपर, लाकडाचा ठोकळा आणि कारागिराचे मनगट. आता नागदेवी स्ट्रीटवर पाऊल ठेवले की बॉश, मकिता यांच्यापासून नाव नसलेल्या स्वस्त चिनी मालापर्यंत हवा तो सँडर मिळतो. लोअर परळला गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आतले फर्निचर, पार्टिशन, पॉलिश यांचे काम निघाले. गिरगावातल्या चाळी पुनर्बांधणीसाठी रिकाम्या होतात तेव्हा त्यांतली जुनी कपाटे आणि दरवाजे भंगारात जातात, त्यांतला चांगला माल चोर बाजारात मटन स्ट्रीटवर येतो आणि घासून-पुसून पुन्हा विकला जातो. या सर्व कामांत आपल्या समाजाचे सुतार, पॉलिशवाले आणि ठेकेदार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून सँडर हा आपल्या रोजीचा विषय आहे.

सँडर वाईट आहे असे या लेखकाचे म्हणणे नाही. उलट, ज्याला काम वाढवायचे आहे त्याने तो जरूर घ्यावा. म्हणणे एवढेच की, धूळ पकडण्याची सोय नसलेला सँडर म्हणजे अर्धीच मशीन होय. ती अर्धी मशीन विकत घेणारा मालक उरलेल्या अर्ध्याची किंमत कारागिराच्या फुफ्फुसातून वसूल करतो.

गिरणगावाचा धडा

परळ-लालबागच्या माणसाला धुळीची गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. कापसाच्या धुळीने छातीचा जो आजार होतो त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामगार पुन्हा खात्यात शिरला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होई. सर्वांत जास्त धूळ ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात असे. मदनपुऱ्यातले मोमिन विणकर साच्यावर काम करीत, त्यांच्या घरांतही गिरणीच्या खोकल्याच्या आठवणी आहेत. हा आजार कामामुळे होतो हे कायद्याने मान्य केले आणि भरपाईच्या यादीत त्याचे नाव आले. गिरणी कामगाराजवळ हजेरीपट होता, राज्य विमा योजनेचे कार्ड होते आणि युनियन होती. एवढे असूनही अनेकांचा आजार कागदावर आला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत आपला कारागीर लाकूड घासतो आहे. त्याच्याजवळ हजेरीपट नाही, कार्ड नाही, युनियन नाही. आज या साईटवर, उद्या त्या साईटवर. वीस वर्षांनी त्याची छाती भरली तर तो कोणत्या मालकाचे नाव सांगणार? म्हणूनच धुळीचा बंदोबस्त आजच्या आज झाला पाहिजे.

लाकडाची धूळ म्हणजे नुसता भुसा नव्हे

"लाकूड तर कुदरती चीज आहे, त्याच्या धुळीने काय होते?" असे पुष्कळ उस्ताद विचारतात. करवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो. सँडरची धूळ पिठाहून बारीक असते. ती तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या गावी एस्मे हॅडफील्ड नावाच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर होत्या. ते गाव खुर्च्या आणि फर्निचर बनवणाऱ्यांचे. नाकाच्या आतल्या भागाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे येणाऱ्या फर्निचर कारागिरांत वारंवार दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे इतर देशांतही तपास झाला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तंबाखूचा धूर याच गटात आहे.

येथे घाबरवून सोडण्याचा हेतू नाही. हा आजार फार थोड्यांना होतो आणि तो व्हायला बहुधा कित्येक वर्षे जातात. पण दमा, सततची सर्दी, डोळ्यांची जळजळ आणि अंगाची खाज यांना इतकी वर्षे लागत नाहीत. सागवान आणि शिसवीच्या धुळीने कातडीवर चट्टे उठतात, हे कोणताही जुना सुतार सांगेल. एकाच बाजूची नाकपुडी महिनोन्महिने बंद राहत असेल किंवा नाकातून वरचेवर रक्त येत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. केईएम किंवा जेजे रुग्णालयात नाक-कान-घसा विभागात जावे आणि आपण लाकूड घासण्याचे काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

दाढी आणि मास्क

आता एका नाजूक पण आवश्यक मुद्द्याकडे वळू. धुळीचा विषय निघाला की ठेकेदाराचे उत्तर तयार असते: "मास्क दिला आहे ना!" बहुतेक वेळा तो मास्क कापडाचा असतो, किंवा गळ्यातला रुमालच तोंडावर बांधलेला असतो. रुमाल जाड भुसा अडवतो, बारीक धूळ नाही. बारीक धुळीसाठी भारतीय मानक ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी २ दर्जाचा मास्क लागतो आणि तो चेहऱ्यावर सर्व बाजूंनी घट्ट बसावा लागतो. कडेने फट राहिली की हवा फटीतूनच आत येते आणि हवेबरोबर धूळही येते.

आपल्यापैकी अनेकांना दाढी आहे, आणि सुन्नत म्हणून ठेवलेली दाढी कोणी मास्कसाठी काढणार नाही. काढा असे कोणी सांगूही नये. पण दाढीवर मास्क नीट बसत नाही, हीही वस्तुस्थिती आहे. २०२० च्या साथीत काही शीख डॉक्टरांनी दाढीवर रबराचा रुंद पट्टा हनुवटीखालून वर घेऊन डोक्यावर बांधला आणि त्यावर मास्क घातला. तपासणीत तो त्यांपैकी बहुतेकांना घट्ट बसला. ही युक्ती उपयोगाची आहे, पण तपासणी न करता तिच्यावर विसंबणे बरे नव्हे. डोके आणि चेहरा पूर्ण झाकणारी, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारी टोपी मिळते. तिला दाढीची अडचण नाही, पण ती महाग असते आणि छोट्या कारखान्याला परवडत नाही.

मग निष्कर्ष काय? ज्या धंद्यात निम्मे कारागीर दाढीवाले आहेत, त्या धंद्यात मास्क हा पहिला उपाय असूच शकत नाही. धूळ नाकाजवळ अडवण्यापेक्षा ती मशीनजवळच पकडली पाहिजे. मास्क हवाच, पण तो दुसरा पहारेकरी. पहिला पहारेकरी मशीनचा.

भोके कोठे गेली?

नव्या सँडरच्या खोक्यात एक पिशवी किंवा डबी असते. तळाच्या गादीला भोके असतात. गादीखाली लावलेल्या पेपरला तशीच भोके जुळवून पाडलेली असली, तर मशीनचा पंखा धूळ भोकांतून ओढून पिशवीत टाकतो. चौकोनी गादीच्या काही मशीनबरोबर पेपरला भोके पाडण्याची एक पट्टीही मिळते. आता कोणत्याही कारखान्यात जाऊन पाहा. पिशवी पहिल्या आठवड्यातच गहाळ झालेली असते. भोके पाडायची पट्टी खोक्यातून बाहेरच आलेली नसते. मोठ्या ताव्यातून कापलेला बिनभोकाचा पेपर गादीवर चढवलेला असतो. धूळ बाहेर न गेल्यामुळे ती पेपर आणि लाकूड यांच्यामध्येच अडकते, पेपर लवकर भरतो, लाकूड तापते आणि ओरखडे उठतात. म्हणजे छातीही गेली आणि मालही बिघडला.

पिशवीपेक्षा चांगला उपाय म्हणजे सँडरच्या धुळीच्या तोंडाला नळी लावून ती व्हॅक्यूमला जोडणे. ओले-सुके ओढणारा कारखान्याचा व्हॅक्यूम घ्यावा आणि त्यात बारीक धुळीचा फिल्टर बसवावा. घरातला साधा व्हॅक्यूम ही धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकतो. तोंड आणि नळी यांचे माप जुळत नसेल तर दुकानात मशीन सोबत नेऊन जोड घ्यावा.

हात कसा चालवावा

चुकीच्या हाताने धूळ जास्त उडते आणि काम कमी होते. म्हणून शागिर्दाला शिकवताना पुढील गोष्टी सुरुवातीलाच सांगाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे कामाप्रमाणे मशीन निवडावी. पट्ट्याचा सँडर फार झपाट्याने लाकूड खातो. तो जाड फळी सपाट करण्यासाठी किंवा जुने पॉलिश उतरवण्यासाठी आहे. व्हीनियर लावलेल्या प्लायवर तो चुकूनही चालवू नये. व्हीनियर कागदाएवढे पातळ असते, क्षणात खालचा प्लाय दिसतो आणि पूर्ण फळी बदलावी लागते. शेवटच्या सफाईसाठी गोल चकतीचा, दोन चालींत फिरणारा सँडर किंवा चौकोनी गादीचा छोटा सँडर वापरावा. ग्राइंडरला पेपरची चकती लावून लाकूड घासणे ही सवय मोडलीच पाहिजे. त्याचा वेग लाकडासाठी नाही. तो हातातून उसळतो आणि धुळीचा लोट सरळ तोंडावर फेकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मशीनवर जोर देऊ नये. तिचे वजन पुरेसे असते. दाबले की चाल मंदावते, मोटर तापते आणि लाकडावर गोल-गोल वळणे उठतात. ही वळणे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की ती डोळ्यांत भरतात आणि गिऱ्हाईक पैसे कापते. हात सावकाश चालवावा, साधारण सेकंदाला एक इंच. पट्ट्याचा सँडर मात्र एका जागी क्षणभरही थांबू देऊ नये. तो हवेत चालू करून मग लाकडावर टेकवावा, आणि चालू असतानाच उचलून मग बंद करावा. चकतीचा सँडर लाकडावर टेकवून चालू करावा, नाहीतर टेकताना खोलगट खूण पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे पेपरचा नंबर. खडबडीत फळीला ८० नंबरपासून सुरुवात करावी, मग १२०, मग १८०, आणि पॉलिशच्या आधी २२०. घाईत ८० वरून एकदम २२० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे जात नाहीत आणि २२० चे तीन पेपर फुकट जातात. प्रत्येक नंबरनंतर फळी व्हॅक्यूमने साफ करावी. मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी तो पुढच्या पेपरखाली रेघ मारतो. झिजलेला पेपर वाचवण्यात पैसे वाचत नाहीत, कारण त्यावर जोर द्यावा लागतो. शेवटचा हात रेषेच्या दिशेने, ठोकळ्यावर पेपर धरून मनगटाने द्यावा. मशीनने उस्तादाचे मनगट निकामी केलेले नाही. त्याला फक्त शेवटच्या आणि मानाच्या कामासाठी मोकळे केले आहे.

चौथी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. कुर्त्याच्या सैल बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडाव्यात. रुमाल किंवा मफलर गळ्यात लोंबू देऊ नये, लांब दाढी कपड्याखाली घ्यावी. पट्ट्याचा सँडर कापड पकडतो तेव्हा हात मागे घ्यायला वेळ देत नाही. डोळ्यांवर चष्मा, आणि मशीन दिवसभर चालणार असेल तर कानात बोळे हवेतच.

पाचवी गोष्ट विजेची. प्लग लावण्यापूर्वी स्वीच बंद आहे याची खात्री करावी. सतत चालू ठेवण्याचे बटण दाबलेले राहून गेले असेल, तर प्लग लावताच मशीन टेबलावरून उडी मारते. पेपर बदलताना प्लग काढावाच. वायर खांद्यावरून मागे घ्यावी. पावसाळ्यात जुन्या इमारतींतल्या भिंती ओल धरतात, तेव्हा बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्वीच बसवून घ्यावा. उघड्या तारा काड्यांनी सॉकेटमध्ये खोचण्याची साईटवरची पद्धत म्हणजे मौतीला दावत आहे.

आगीचेही ध्यान ठेवावे. पॉलिश किंवा पीयूचा थर घासून भरलेली पिशवी रात्रभर तशीच ठेवू नये. ती आतल्या आत तापून पेटू शकते. अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचेही तसेच. काम संपले की पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करावी आणि डबा माळ्यावर नव्हे, बाहेर ठेवावा. अनेक कारागीर त्याच माळ्यावर झोपतात, हे विसरून चालणार नाही.

जुन्या रंगाला सँडर लावू नका

चोर बाजारातला जुना माल आणि गिरगावच्या चाळींचे रंगवलेले दरवाजे यांबद्दल वेगळा इशारा देणे भाग आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असे. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही रंगात शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. त्यावर कोरडा सँडर चालवला की शिशाची धूळ होते. ती कारागिराच्या अंगात जाते आणि कपड्यांवरून घरी मुलांपर्यंत पोहोचते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा रंग रिमूव्हर लावून, हवा खेळती ठेवून खरवडावा, किंवा पाणपेपरने ओला करून हाताने घासावा. ओल्या कामाला विजेचा सँडर कधीही लावू नये. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत, घरी वेगळे धुवावेत. हात-तोंड धुतल्याशिवाय चहाच्या ग्लासाला हात लावू नये. दिवस संपल्यावर कोरडा झाडू मारणे आणि कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणे, या दोन्ही सवयींनी खाली बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसावे.

मालकांना दोन शब्द

आता कारखानदार आणि ठेकेदार बंधूंना. आपण म्हणाल की, गिऱ्हाईक पैसे देत नाही, व्हॅक्यूम कोठून आणू? पण आपण अंदाजपत्रक करता तेव्हा बिजागरी, स्क्रू, फेविकॉल आणि टेम्पोचे भाडे लिहिताच ना? त्याच कागदावर "धूळ-बंदोबस्त" अशी एक ओळ लिहा. राहत्या घरात काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला ही ओळ नको वाटणार नाही, कारण धूळ त्याच्याही सोफ्यावर बसते. परळच्या नव्या इमारतींत स्वच्छ काम करणाऱ्या ठेकेदाराला दुसरे काम शिफारशीने मिळते. एकट्याला व्हॅक्यूम परवडत नसेल तर एका गल्लीतल्या चार कारखान्यांनी मिळून घ्यावा आणि वारांनी वाटून वापरावा. आपल्याकडे भिशी चालते, मग व्हॅक्यूमची भिशी का चालू नये?

शीव येथे केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. कामाच्या ठिकाणची धूळ, आवाज आणि यंत्रांची सुरक्षा हाच तिचा विषय. आमच्या व्यापारी संघटना इफ्तार पार्ट्या आणि सत्कार समारंभ नेटाने करतात. त्यांनी वर्षातून एकदा तेथे संपर्क साधून कारागिरांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण मागून घ्यावे. सत्काराच्या एका शालीच्या पैशांत कित्येक चांगले मास्क येतात.

हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. ज्या हुनराला एका पैगंबराच्या हाताचा स्पर्श झाला, तो हुनर करणाऱ्याची छाती चाळिशीतच भरून यावी ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे. शरीर ही अमानत आहे. कारागिराने ती सांभाळावी हे खरेच, पण ज्या मालकाने त्या शरीराकडून काम घेतले त्याच्यावरही तिची जबाबदारी येते. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण एकमेकांना देतो. त्याबरोबर मजुरीत धूळ मिसळून देऊ नये, हेही पाळावे.

येत्या जुम्याच्या आधी प्रत्येक मालकाने आपल्या सँडरचे खोके माळ्यावरून खाली काढावे. पिशवी आहे का, भोके पाडायची पट्टी आहे का, ते पाहावे. नसेल तर नागदेवीला एक फेरी मारावी. त्यानंतर आपला कारागीर वुजूला बसेल तेव्हा नालीतल्या पाण्याकडे पाहावे. ते पाणी स्वच्छ वाहू लागले, तर समजावे की मशीन आता पूर्ण झाली.